‘क्ष म्हणजे वडील’ : शाब्दिक उदाहरणे मांडताना अडलेल्या एका विद्यार्थिनीचे प्रकरण

पार्श्वभूमी

एकसामयिक समीकरणे (दोन अज्ञात संख्यांसाठी एकाच वेळी खरी ठरणारी समीकरणांची जोडी) फटाफट सोडवणारी आणि शाब्दिक उदाहरण समोर आले की पेन खाली ठेवणारी मुले जवळपास प्रत्येक वर्गात भेटतात. हे प्रकरण माध्यमिक शाळेतल्या अशाच एका विद्यार्थिनीचे आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, आणि मांडणीतला मुद्दा स्वच्छ दिसावा म्हणून उदाहरणांतले आकडे बदलले आहेत.

तिची बीजगणिताची बाजू पक्की होती. ३क्ष + २य = १६ आणि ५क्ष − य = ५ अशी जोडी दिली की दुसऱ्या समीकरणाला २ ने गुणून ती य चा लोप करी आणि क्ष = २, य = ५ हे उत्तर दोन-तीन ओळींत काढी. निश्चयक वापरून किंवा आलेख काढूनही तिला तेच उत्तर मिळवता येई. चिन्हांच्या चुका क्वचितच. चाचणीत मात्र समीकरणे सोडवण्याच्या भागात जवळजवळ पूर्ण गुण आणि शाब्दिक उदाहरणांत भोपळा, असे चित्र होते. पेपरावर शेरा होता, ‘उदाहरण नीट वाचावे.’ तिने ते वाचले होते. पाठ म्हणून दाखवता येईल इतक्या वेळा वाचले होते. पुढे तिच्यासोबत बसलेल्या शिक्षिकेने म्हणूनच गुण बाजूला ठेवले आणि खोडलेल्या ओळींसकट प्रत्येक मांडणी वाचून काढली.

अडचण नेमकी कुठे होती

वयाचे उदाहरण असे होते : ‘५ वर्षांपूर्वी वडिलांचे वय मुलाच्या वयाच्या सातपट होते. आणखी ५ वर्षांनी ते मुलाच्या वयाच्या तिप्पट होईल. दोघांची आजची वये काढा.’

तिने लिहिले होते :

व − ५ = ७म
व + ५ = ३म

वजाबाकी करून −१० = ४म, म्हणजे म = −२.५ आणि व = −१२.५. हे गणित बिनचूक आहे. मग उणे चिन्ह खोडून उत्तर लिहिले, ‘मुलगा २.५ वर्षांचा, वडील १२.५ वर्षांचे.’ साडेबारा वर्षांचे वडील तिला खटकले नाहीत, कारण तोवर वडील आणि मुलगा तिच्या डोक्यातून गेलेले होते. समोर उरली होती फक्त दोन अक्षरे.

शिक्षिकेने तिला पहिला प्रश्न विचारला तो समीकरणांबद्दल नव्हता.

“व म्हणजे काय?”
“वडील.”
“वडील, की वडिलांचे वय?”
“वय, मॅडम.”
“कधीचे वय?”

यावर ती थांबली. व − ५ लिहिताना व हे आजचे वय होते. त्याच ओळीत ७म लिहिताना म हे पाच वर्षांपूर्वीचे वय झाले. पुढच्या ओळीत म पाच वर्षांनंतरचा झाला. एकच अक्षर दोन वेगळ्या संख्यांसाठी वापरले गेले होते. ७(म − ५) मधला ‘− ५’ तिने विसरून गाळलेला नव्हता. तिच्या लेखी म म्हणजे ‘मुलगा’ होता, आणि मुलगा पाच वर्षांपूर्वीही तोच होता.

मिश्रणाच्या उदाहरणात वेगळाच घोटाळा निघाला. ३० टक्के आणि ६० टक्के तीव्रतेची द्रावणे मिसळून ४० टक्के तीव्रतेचे १२ लिटर द्रावण करायचे होते. तिची समीकरणे क्ष + य = १२ आणि ३०क्ष + ६०य = ४० अशी होती. पहिले बरोबर. दुसऱ्यात डावीकडे ‘टक्के गुणिले लिटर’ आहे आणि उजवीकडे नुसते टक्के. दोन बाजू एका जातीच्या नाहीत, मग त्या सारख्या होतील कशा? उत्तर पुन्हा उणे आले आणि चिन्ह पुन्हा खोडले गेले.

नावेच्या उदाहरणातली चूक सर्वांत फसवी होती. नाव प्रवाहाच्या दिशेने ३० किमी अंतर १ तास ३० मिनिटांत आणि प्रवाहाविरुद्ध तेवढेच अंतर २ तास ३० मिनिटांत कापते. तिने संथ पाण्यातला वेग क्ष, प्रवाहाचा वेग य, आणि १.३०(क्ष + य) = ३०, २.३०(क्ष − य) = ३० असे मांडले. रचना बिनचूक, पण दीड तासाचे १.३० झाले आणि अडीच तासांचे २.३०. उत्तर आले क्ष सुमारे १८.०६ आणि य सुमारे ५.०२. खरे उत्तर ताशी १६ किमी आणि ४ किमी. उणे वय आले की निदान शंका घेता येते. ताशी १८ किमी वेगाने जाणारी नाव पाहून कोणालाच काही वाटत नाही.

चौथे उदाहरण दोन अंकी संख्येचे. त्याची गोष्ट पुढे येईल.

याखेरीज वहीत जागोजागी एक जुनी चूक होती. ‘पहिली संख्या दुसरीपेक्षा ४ ने मोठी आहे’ याचे तिने क्ष + ४ = य केले होते. मोठी पहिली, म्हणून अधिक चार पहिलीजवळ. ही उलटापालट कच्च्या मुलांपुरती नाही. जॉन क्लेमेंट आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास अमेरिकेत अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या १५० विद्यार्थ्यांना ‘या विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत’ हे वाक्य समीकरणात लिहायला सांगितले होते. ३७ टक्के विद्यार्थी चुकले, आणि चुकलेल्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश जणांनी ६व = प असे उलटे लिहिले (व ही विद्यार्थ्यांची संख्या, प ही प्राध्यापकांची). बरोबर समीकरण व = ६प. उलटे लिहिणाऱ्याच्या मनात चित्र बरोबर असते : एका बाजूला सहा विद्यार्थी, दुसऱ्या बाजूला एक प्राध्यापक. तो त्या चित्राचे वर्णन करतो, पण समीकरण हे चित्राचे वर्णन नसते. दोन संख्या सारख्या करण्यासाठी कोणत्या संख्येला कशाने गुणायचे, ते समीकरणात लिहायचे असते.

शिक्षिकेने यावरून निदान केले की बिघाड तीन ठिकाणी आहे. अक्षर संख्येऐवजी माणसाला किंवा वस्तूला चिकटते. संबंधाची दिशा उलटते. आणि समीकरणाच्या दोन बाजू एकाच जातीच्या राशी आहेत का, हे तपासले जात नाही. समीकरणे सोडवण्याचा जास्तीचा सराव यातल्या एकाही ठिकाणी पोहोचला नसता.

विचारात घेतलेले पर्याय

सर्वांत सोपा पर्याय होता सूचक शब्दांचा तक्ता : ‘एकूण’ म्हणजे बेरीज, ‘पट’ म्हणजे गुणाकार, ‘कमी’ म्हणजे वजाबाकी, ‘मोठा’ म्हणजे अधिक. पुष्कळ वर्गांत तो भिंतीवर लावलेला असतो. विद्यार्थिनीलाही तोच हवा होता. शिक्षिकेने तो नाकारला, आणि आमच्या मते हा या प्रकरणातला सर्वांत मोलाचा नकार आहे. ‘वडील मुलापेक्षा ३० वर्षांनी मोठे आहेत’ यात ‘मोठे’ हा शब्द आहे, पण क्ष − य = ३० मध्ये अधिक चिन्ह कुठेच नाही. उलट ‘मोठे म्हणजे अधिक’ हे पाठ असलेली मुलगी क्ष + ३० = य लिहिणार, म्हणजे आधीच असलेली चूक तक्त्याच्या आधाराने आणखी पक्की करणार. सूचक शब्द क्रिया कोणती ते कधीकधी सांगतात. ती क्रिया कोणत्या संख्येवर करायची, ते सांगत नाहीत.

दुसरा पर्याय प्रकारवार साचे : नावेचे उदाहरण आले की क्ष + य आणि क्ष − य, अंकांचे आले की १०क्ष + य. परीक्षा तोंडावर असती तर हाच मार्ग घ्यावा लागला असता, आणि त्यात गैर काही नाही. पण प्रश्नाची ठेवण जरा बदलली की साचा निकामी होतो. परीक्षेला अजून अवकाश होता.

तिसरा पर्याय सगळे एकाच चलात, म्हणजे अज्ञात संख्येसाठी एकच अक्षर घेऊन, मांडण्याचा. मिश्रणात एक भाग क्ष, तर दुसरा १२ − क्ष. हाताळायला हे सुटसुटीत असते. पण यात पहिल्या वाक्याचे भाषांतर मनातल्या मनात करून टाकावे लागते आणि कागदावर फक्त दुसरे उतरते. जिचे भाषांतरच कच्चे आहे, तिच्यासाठी ते लपवणे घातक. दोन चले घेतली की प्रत्येक वाक्य कागदावर येते आणि चूक कुठल्या वाक्यात झाली ते दिसते.

निवड झाली ती चौथ्या मार्गाची : आधी उत्तर म्हणून वाटेल त्या संख्या धरायच्या, उदाहरणातली वाक्ये त्या संख्यांवर चालवून पाहायची, आणि मग त्या संख्यांच्या जागी अक्षरे ठेवायची.

काय केले

सुरुवात अक्षरांपासून झाली. वडिलांसाठी व, मुलासाठी म ही पद्धत बंद केली आणि सगळीकडे क्ष, य वापरायचे ठरले. आद्याक्षर लक्षात राहायला सोपे असते हे खरे, पण ‘व म्हणजे वडील’ हा गैरसमज त्यातूनच पोसला जात होता. पूर्वी भास्कराचार्यांच्या बीजगणितात अज्ञात राशींना यावत्तावत्, कालक, नीलक अशी नावे असत. पहिले ‘जितके असेल तितके’ अशा अर्थाचे, पुढची रंगांची, आणि यातले एकही नाव उदाहरणातल्या वस्तूशी बांधलेले नाही. सोबत एक सक्ती आली : कोणतेही समीकरण लिहिण्याआधी चलाची ओळ पूर्ण लिहायची, आणि तिच्यात तीन गोष्टी हव्यात. कशाची संख्या, कोणत्या एककात, कोणत्या वेळची. ‘क्ष = वडिलांचे आजचे वय, वर्षांत.’ ‘क्ष = वडील’ लिहिले की पुढचे पाहायचेच नाही, ओळ परत.

मग अंदाज. वयाच्या उदाहरणात तिने वडील ३५ आणि मुलगा ८ वर्षांचा धरला. पाच वर्षांपूर्वी? तिने लगेच ३० आणि ३ लिहिले. इथे शिक्षिकेने तिला थांबवले, आणि ही जागा बारकाईने पाहण्यासारखी आहे. हिशेब करून ३० लिहिला की ३० कुठून आले याचा माग पुसला जातो. म्हणून नियम ठरला की बेरीज-वजाबाकी करायची नाही, नुसती मांडायची :

३५ − ५ आणि ७ × (८ − ५) सारखे आहेत का?
३५ + ५ आणि ३ × (८ + ५) सारखे आहेत का?

पहिल्यात ३० आणि २१, नाही. दुसऱ्यात ४० आणि ३९, थोडक्यात हुकले. अंदाज चुकला याला काहीच महत्त्व नाही. महत्त्वाचे हे की ८ वर्षांचा मुलगा पाच वर्षांपूर्वी ३ वर्षांचा होता, हे तिला कोणी सांगावे लागले नाही. (म − ५) लिहायचे जिला सुचले नव्हते, तिने (८ − ५) आपसूक लिहिले. आता ३५ पुसून क्ष, ८ पुसून य आणि प्रश्नचिन्हाच्या जागी बरोबरीचे चिन्ह :

क्ष − ५ = ७(य − ५)
क्ष + ५ = ३(य + ५)

पहिल्यातून क्ष = ७य − ३०, दुसऱ्यातून क्ष = ३य + १०, म्हणून ४य = ४०. मुलगा १० वर्षांचा, वडील ४०.

संख्या धरून पाहण्याची ही चाल जुनीच आहे. इष्ट संख्या धरून प्रमाणाने खरे उत्तर काढण्याच्या रीतीला आपल्याकडे इष्टकर्म म्हणत. इथे मात्र धरलेल्या संख्येतून उत्तर काढायचे नाही, समीकरणाचा सांगाडा काढायचा आहे.

अंदाज कसा धरावा यालाही पथ्ये लागतात. उदाहरणात आधीच असलेला आकडा धरू नये. मुलाचे वय ५ धरले तर ५ − ५ मधला कोणता ५ पुसून य लिहायचा ते कळत नाही. दोन्ही अज्ञातांना एकच संख्या देऊ नये, नाहीतर क्ष आणि य यांची अदलाबदल होते. शून्य आणि एक टाळावेत, कारण एकने गुणल्याची खूण कागदावर उरत नाही. पहिल्या काही उदाहरणांत ही तिन्ही पथ्ये मोडली गेली आणि दरवेळी गोंधळ त्याच जागी झाला.

मिश्रणासाठी कोष्टक घेतले. अंदाज होता ७ लिटर आणि ५ लिटर.

| द्रावण | लिटर | तीव्रता | विरघळलेला पदार्थ, लिटर |
|---|---|---|---|
| पहिले | ७ | ०.३ | ०.३ × ७ |
| दुसरे | ५ | ०.६ | ०.६ × ५ |
| मिश्रण | १२ | ०.४ | ०.४ × १२ |

कोष्टकाचा खरा उपयोग आकडे भरण्यापेक्षा एका प्रश्नासाठी झाला : यातल्या कोणत्या स्तंभातल्या संख्यांची बेरीज करता येते? लिटरांची येते. विरघळलेल्या पदार्थाची येते. तीव्रतेची येत नाही; ३० टक्के आणि ६० टक्के मिसळून ९० टक्के होत नाहीत. ज्या स्तंभात बेरीज चालते त्यातूनच समीकरण निघते. दोन स्तंभ, दोन समीकरणे : क्ष + य = १२ आणि ०.३क्ष + ०.६य = ४.८. दुसऱ्याला १० ने गुणून ३ ने भागले की क्ष + २य = १६, म्हणून य = ४, क्ष = ८. उजवीकडे ४० का चालत नाही हे तिला यानंतर समजावून सांगावे लागले नाही. ४० ज्या स्तंभातला आहे त्यात बेरीजच होत नाही.

ताळ्याची पद्धतही बदलली. ती आधीही ताळा पाहत होती, पण स्वतःच्या समीकरणात किमती घालून. चुकीच्या समीकरणाचे बरोबर उत्तर त्या ताळ्यात नेहमीच उत्तीर्ण होते. आता ताळा मूळ वाक्यात घ्यायचा, समीकरणे हाताने झाकून. नावेच्या उदाहरणात प्रवाहाच्या दिशेचा वेग तिच्या उत्तराप्रमाणे १८.०६ + ५.०२, म्हणजे सुमारे २३.०८. नाव दीड तास चालली. दीड तासात ३४.६ किमी! उदाहरणात तर ३० आहेत. १.३० ची चूक तिने स्वतःच शोधली.

मध्येच अडलेल्या दोन जागा

अंकांच्या उदाहरणात ही सगळी योजना अडली. ‘दोन अंकी संख्येतील अंकांची बेरीज १२ आहे. अंकांची अदलाबदल केल्यास येणारी संख्या मूळ संख्येपेक्षा १८ ने मोठी असते.’ तिने दशकस्थानी ४ आणि एककस्थानी ८ धरले, नियमाप्रमाणे हिशेब न करता ८४ = ४८ + १८ का, असे लिहिले आणि अंकांच्या जागी अक्षरे ठेवली : यक्ष = क्षय + १८. चाचणीतही हेच लिहिले होते. अक्षरे शेजारी लिहिली की गुणाकार होतो, गुणाकारात क्रम बदलला तरी फरक पडत नाही, दोन्ही बाजूंचे पद गेले आणि उरले ० = १८. खाली तिने लिहिले होते, ‘उकल नाही.’ त्या समीकरणापुरता हा निष्कर्ष पूर्ण बरोबर आहे, आणि शिक्षिकेने तसे तिला सांगितलेही.

इथे दोन वाटा होत्या. एक, १०क्ष + य हे सरळ सांगून टाकणे. दुसरी, ४८ फोडायला लावणे. दुसरी घेतली. ४८ मध्ये हिशेब आधीच झालेला आहे, तो आपल्याला दिसत नाही इतकेच. तेव्हा ‘हिशेब करायचा नाही’ हा नियम इथेही लावायचा तर ४८ ऐवजी १० × ४ + ८ लिहायला हवे. मग समीकरण १०य + क्ष = १०क्ष + य + १८, म्हणजे य − क्ष = २, आणि क्ष + य = १२ घेऊन संख्या ५७. अदलाबदल केली की ७५, फरक १८. पुढे तीन अंकी संख्येचे उदाहरण आले तेव्हा १०० × ४ + १० × ८ + ३ तिने न विचारता लिहिले. साचा दिला असता तर हे घडले असते असे वाटत नाही.

दुसरी जागा आयताची. लांबी रुंदीच्या दुपटीपेक्षा ३ सेंमीने कमी, परिमिती ४२ सेंमी. तिने २(क्ष + य) = ४२ लिहिले, मग क्ष + य = २१ लिहिले, दोन समीकरणे झाली म्हणून सोडवायला घेतली आणि हाती आले ० = ०. दोन्ही समीकरणांत माहिती एकच. लांबी-रुंदीचे पहिले वाक्य वापरलेच गेले नव्हते. उपाय साधा होता : उदाहरणातल्या प्रत्येक विधानाला क्रमांक द्यायचा आणि प्रत्येक समीकरणासमोर ते ज्या विधानातून आले त्याचा क्रमांक लिहायचा. एक क्रमांक दोनदा आला किंवा एखादा राहून गेला की लगेच दिसते. विधान १ मधून क्ष = २य − ३, विधान २ मधून क्ष + य = २१; रुंदी ८ सेंमी, लांबी १३ सेंमी.

परिणाम

नंतरच्या चाचणीत वय, मिश्रण आणि अंक या तिन्ही प्रकारांत तिची मांडणी बरोबर होती. वेगाच्या उदाहरणात मिनिटांची चूक पुन्हा झाली, पण वाक्यातल्या ताळ्यात सापडली आणि दुरुस्त झाली. उणे उत्तरावर ती आता चिन्ह खोडत नाही, चलाच्या ओळीकडे परत जाते.

वेग मात्र बराच मंदावला. अंदाज, कोष्टक, क्रमांक, वाक्यातला ताळा हे सगळे एका उदाहरणाला लावले की पान भरते. काही काळाने ओळखीच्या प्रकारांत अंदाजाची पायरी ती आपोआप गाळू लागली, पण चलाची ओळ आणि ताळा यांना सूट दिली नाही. हे योग्यच झाले. कुबडी सुटली पाहिजे, तपासणी सुटता कामा नये.

एक उदाहरण चुकले, आणि त्यातून पद्धतीची मर्यादा कळते. ‘दोन नळ एकत्र सोडले तर टाकी ६ तासांत भरते. पहिला ४ तास आणि दुसरा ९ तास चालवला तरी ती भरते. प्रत्येक नळ एकट्याने टाकी किती तासांत भरेल?’ तिने क्ष आणि य म्हणजे एकेका नळाला लागणारे तास असे घेतले. चलाची ओळ निर्दोष होती. मग लिहिले क्ष + य = ६. वेळांची बेरीज इथे चालत नाही. ४ तासांचा आणि २ तासांचा नळ एकत्र सोडले तर टाकी २ तासांच्याही आत भरेल, ६ तास लागणारच नाहीत. अंदाज घालून पाहिला असता तर हे उघड झाले असते, पण घाईत तीच पायरी गाळली होती.

काय वेगळे करता आले असते

नळांच्या उदाहरणातून निघणारी सुधारणा पहिली. ‘जे विचारले ते क्ष’ ही सवय कोणी तोडली नव्हती, उलट चलाच्या ओळीने ती घट्ट केली. इथे एका तासात भरणारा टाकीचा भाग चल म्हणून घ्यायला हवा : पहिल्याचा क्ष, दुसऱ्याचा य. मग ६क्ष + ६य = १ आणि ४क्ष + ९य = १, दोन्ही रेषीय, म्हणजे क्ष आणि य पहिल्या घातात, छेदात नाहीत. त्यांतून क्ष = १/१० आणि य = १/१५, म्हणजे १० तास आणि १५ तास. तास हेच चल घेतले तर ६/क्ष + ६/य = १ अशी समीकरणे येतात; ती चूक नाहीत, पण थेट रेषीय नाहीत. म्हणून चल ठरवण्याआधी ‘या उदाहरणात बेरीज कशाची होते?’ हा कोष्टकातला प्रश्न विचारायला लावणे जरूर होते. तो प्रश्न मिश्रणापुरता राहिला.

उदाहरणांचा क्रमही बदलायला हवा होता. सुरुवात वयाच्या उदाहरणाने झाली, कारण चाचणीत तेच पहिले होते. पण त्यात काळ बदलतो, म्हणजे चल, दिशा आणि वेळ अशा तिन्ही अडचणी एकदम. दोन संख्यांमधल्या साध्या संबंधापासून निघून, मग मिश्रण, मग वेग, आणि वय त्यानंतर, असा क्रम लावला असता तर सुरुवातीचा बराच गोंधळ टळला असता. अंक सर्वांत शेवटी ठेवावेत, कारण तिथे अंदाजाच्या पद्धतीला फोड करण्याची जोड लागते.

उलटा सराव फार उशिरा आला. क्ष = ३य + ५ हे समीकरण देऊन ‘यावर उदाहरण तयार कर’ असे सांगितले तेव्हा तिने लिहिले, ‘पहिली संख्या दुसरीपेक्षा तिप्पट आणि ५ ने मोठी आहे.’ हे वाक्य दोन तऱ्हांनी वाचता येते : पहिली दुसरीच्या तिपटीपेक्षा ५ ने मोठी, की पहिली दुसरीच्या तिप्पटही आहे आणि तिच्यापेक्षा ५ ने मोठीही? दुसऱ्या तऱ्हेने वाचले तर क्ष = ३य आणि क्ष = य + ५ अशी दोन समीकरणे होतात आणि य = २.५, क्ष = ७.५ असे उत्तरही येते. हे तिच्याच वाक्यावर तिला दाखवता आले, आणि ‘पट’ कशाची व ‘ने’ कशापेक्षा, हे दोन प्रश्न ती त्यानंतर प्रत्येक वाक्याला विचारू लागली. हा सराव पहिल्याच बैठकीत घ्यावा. त्याला वेळ थोडा लागतो, आणि दिशेची उलटापालट त्यात इतकी चटकन पकडली जाते की निदानासाठी वेगळी चाचणी घ्यावी लागत नाही.

राहिला पेपरावरचा शेरा. ‘नीट वाचावे’ ऐवजी चुकलेल्या ओळीशेजारी ‘हे कधीचे वय?’, ‘डावीकडे लिटर, उजवीकडे काय?’, ‘हे कोणत्या विधानातून?’ असे त्या जागेचे प्रश्न लिहावेत. तपासणाऱ्याला यासाठी प्रत्येक मांडणी ओळीने वाचावी लागते आणि त्यात वेळ जातो. वर्ग मोठा असेल तर एका उदाहरणापुरते हे करावे, आणि ते उदाहरण मिश्रणाचे निवडावे : चल, एकक आणि दोन बाजूंची जात या तिन्हींतली चूक तिथे एकाच ओळीत दिसते.